खाणीतली टाकी

९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

परवा मी जमिनीखाली जाऊन आले. घाबरू नकोस, वरही आले.

आमचा प्रयोग ज्या खाणीत चालतो ती खाण कधीचीच बंद पडली आहे. कामगार गेले, लिफ्ट तेवढी राहिली. लिफ्ट कसली, लोखंडी पिंजराच. डोक्यावर टोपी, पायात मापापेक्षा मोठे बूट, आणि खाली जाता जाता कानांना असे दडे बसले की वाटलं, छापखान्यातून घरी येताना दादाला रोज असंच होत असणार. खाली पोचलं की कपडे बदलून पांढरे घालायचे, बुटांवर पिशव्या चढवायच्या, कारण आत धूळ चालत नाही. एक दार, मग दुसरं दार, आणि मग ती टाकी. ती पाण्याच्या आणखी मोठ्या टाकीत बुडवून ठेवलेली आहे, त्यामुळे मला दिसला तो बाहेरचा पत्राच. मी त्या पत्र्यावर हात ठेवून उभी राहिले. प्रयोगाच्या प्रमुखबाई म्हणाल्या, "इतकं जवळून कुणी बघत नाही हिला." मी म्हटलं, मी हिला अठरा वर्षांपासून ओळखते.

अठरा वर्षांपूर्वी सरांनी आणि मी तो लेख लिहिला. सर म्हणजे माझे गाईड, तू एकदाच भेटलास आणि म्हणालास, "हा माणूस आपल्याशी बोलतोय की भिंतीशी?" आज ते असायला हवे होते. आम्ही दोघांनी लिहिलं होतं की विश्वात जे काही न दिसणारं भरलेलं आहे, ते अमुक वजनाच्या कणांचं असणार, आणि असा कण साध्या अणूला क्वचित, पण इतक्या इतक्या वेळा धडकणारच. तेव्हा लोक हसले होते, कारण असं मोजायला टाकीच नव्हती कुणाकडे. आता आहे.

मोजणी पूर्ण झाली. पण आकडे झाकून ठेवले आहेत, कुणीही बघायचे नाहीत. माणसाला जे हवं असतं तेच दिसायला लागतं, म्हणून ही काळजी. एप्रिलच्या शेवटी सगळ्यांसमोर एकदम उघडणार.

वहिनीचा खोकला कसा आहे? त्या दिवशी फोनवर तिला वाक्य पुरं करता येईना. तिला म्हणावं, जगाच्या छातीचे फोटो काढतेस, एकदा स्वतःचाही काढ.

तुझी,
बारकी


२१ फेब्रुवारी

प्रिय बारके,

पत्र मिळालं. छापखान्यात मालकांना वाचून दाखवलं. त्यांना काही समजलं नाही, मलाही नाही, पण दोघांनी गंभीरपणे माना हलवल्या.

नवीन मशीन आलं आहे. जुन्यापेक्षा आवाज कमी आहे म्हणतात. माझा डावा कान गेलेलाच आहे आणि उजवाही त्याच वाटेवर आहे, त्यामुळे मला फरक कळत नाही. सध्या शाळेची पुस्तकं आणि औषधांची खोकी छापतोय. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय की मेमध्ये आमच्या बारकीचं नाव पेपरात येणार. खालच्या मजल्यावरचे मास्तर रोज विचारतात, "काय, बहिणीनं लावला का शोध?" मी म्हणतो, धीर धरा.

तुझ्या सांगण्यावरून वहिनीने फोटो काढला. विशेष काही नाही, जुनाट खोकला आहे, गोळ्या चालू केल्यात. तू तुझ्या कामात लक्ष घाल. आईवडील गेल्यावर तुला या घरात आणली तेव्हा तू एवढीशी होतीस आणि वहिनीच्या मागे मागे तिच्या दवाखान्यात जायचीस. आता कुठल्या कुठे पोचलीस. मला अभिमान वाटतो हे मी तोंडावर कधी म्हणणार नाही, म्हणून लिहून टाकतो.

दादा


१६ मे

प्रिय दादा,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. आकडे उघडायचं काम पुढे ढकललं आहे. यंत्रांच्या काही तपासण्या राहिल्या आहेत. असं होतं कधी कधी, काळजीचं कारण नाही.

दुसरं म्हणजे माझा पत्ता बदलला. संस्थेच्या राहत्या इमारतीत डागडुजी काढली आहे, म्हणून मी गावात एक खोली घेतली आहे. खाली चपलांचं दुकान आहे, दिवसभर चामड्याचा वास येतो. खिडकी रस्त्याकडे आहे. खोलीत फोन नाही आणि संस्थेतल्या फोनवर मी हल्ली सापडत नाही, तेव्हा पत्रच लिही. तसंही तुला फोनवर निम्मंच ऐकू येतं.

मास्तरांना सांग, अजून थोडा धीर धरा.

वहिनीला माझा नमस्कार.

बारकी


३० मे

प्रिय बारके,

नवा पत्ता वहीत लिहून घेतला. चामड्याच्या वासाने डोकं दुखत असेल तर खिडकी उघडी ठेवत जा.

इथे सगळं ठीक आहे. वहिनीने रजा घेतली आहे. गुडघे धरलेत, उभं राहून काम होत नाही. एक्स-रेच्या खोलीत बसून काम करता येत नाही हे तुला माहीतच आहे. घरात आराम करते आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते. तू येऊ नकोस. एवढ्या वर्षांच्या कामाचा शेवट तोंडावर आला असताना इकडे धावत येण्यासारखं काही नाही.

खालचा मजकूर वहिनीचा आहे.

दादा

बारके, तुझा दादा कांदा चिरतो की फाडतो हे कळायला मार्ग नाही. मला सध्या वेळच वेळ आहे. फोन करायचा विचार होता, पण घसा बसलाय, आणि तुझ्याकडे म्हणे फोनही नाही. तेव्हा एक काम कर. तू नक्की काय शोधतेस हे मला नीट समजावून सांग. इतकी वर्षं मी लोकांना "ती विश्वाचं काहीतरी करते" एवढंच सांगत आले. आता मला खरं समजून घ्यायचं आहे. सोपं लिही, पण मी मूर्ख आहे असं समजून लिहू नकोस.


२० जून

प्रिय वहिनी,

तुला मूर्ख समजण्याची माझी हिंमत नाही.

आकाशात ताऱ्यांची प्रचंड मोठी चक्रं आहेत, आणि ती गरगर फिरतात. बाहेरच्या कडेचे तारे इतक्या वेगाने फिरतात की खरं तर ते कधीच फेकले जायला हवे होते. ओल्या कपड्याला गरकन फिरवलं की थेंब उडतात तसे. पण ते उडत नाहीत. म्हणजे त्यांना कुणीतरी धरून ठेवलंय. जेवढं दिसतं तेवढ्याच्या वजनाने हे होत नाही. म्हणून आम्ही म्हणतो की तिथे आणखी बरंच काही आहे, दिसतं त्याच्या कितीतरी पट, पण त्यावर उजेड पडत नाही आणि त्यातून उजेड निघतही नाही. ते आपल्यातूनही आरपार जात असणार, तू हे वाचतेयस तेव्हाही.

मग ते पकडायचं कसं? खाणीतल्या टाकीत एक वायू इतका थंड करून ठेवलाय की तो पाण्यासारखा झालाय. त्या न दिसणाऱ्यातला एखादा कण टाकीतल्या अणूला धडकला, तर बारीकसा उजेड होईल. जमिनीवर असं करता येत नाही, कारण आकाशातून दुसरंच काय काय सतत येऊन आदळत असतं. वरचे खडक ते अडवतात. म्हणून एवढ्या खोल जायचं आणि अंधारात वाट बघत बसायचं.

तुला आठवतं का, मला पहिल्यांदा तू तुझ्या डार्करूममध्ये नेलं होतंस? लाल दिवा होता, आणि ट्रेमधल्या पाण्यात तू कोरी फिल्म हलवत होतीस. मी विचारलं, यात काय आहे, आणि तू म्हणालीस, "थांब की, येईल." मग हळूहळू कुणाच्या तरी हाताची हाडं वर आली. मी पदार्थविज्ञान शिकले ते सरांमुळे असं मी सगळ्यांना सांगते. पण खरं तिथून सुरू झालं.

निकाल लवकरच लागेल. गुडघ्यांची काळजी घे.

तुझी,
बारकी


११ जुलै

बारके,

अक्षराकडे लक्ष देऊ नकोस, पलंगावर बसून लिहितेय.

तुझं पत्र मला समजलं. पहिल्यांदा वाटलं समजलं, मग तुझ्या दादाला समजावून सांगायला गेले आणि अडकले, मग पुन्हा वाचलं. आता तो मला समजावून सांगतो. ओल्या कपड्याचं त्याला फार आवडलं. न्हाणीघरात टॉवेल फिरवून बघितला आणि भिंत भिजवून ठेवली.

एक गोष्ट मात्र मला गमतीची वाटते. आमच्याकडे फिल्मवर काही दिसलं नाही की पेशंट माझे हात हातात घ्यायचा. मी काही केलेलं नसायचं, तरी. आणि काही दिसलं तर आम्हाला तोंडातून शब्द काढायची परवानगी नाही, "डॉक्टर सांगतील" एवढंच म्हणायचं. तुमच्याकडे सगळं उलटं. दिसलं तर हारतुरे, नाही दिसलं तर रडारड. एवढी वर्षं मी ज्या गोष्टीसाठी मनातल्या मनात हात जोडले, की काही दिसू नये, तीच गोष्ट तुला नको आहे.

तर माझा प्रश्न असा. समजा, नाही सापडलं. मग तू काय करशील? मला खरं उत्तर दे. मी दादाला सांगणार नाही. त्याला ऐकू कुठे येतं म्हणा.

जेवत जा वेळेवर.

वहिनी


२ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

तू पण ना. असले प्रश्न विचारून मला घाबरवू नकोस. तसं होणार नाही. अठरा वर्षं उगीच नाही घालवली.

इथे कामाची धांदल आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. निकाल लागला की पहिली गाडी पकडून येते. तोवर तू बरी हो आणि दादाला न्हाणीघरातून बाहेर काढ.

बारकी


२२ ऑगस्ट

बारके,

वहिनी गेली. परवा सकाळी, दवाखान्यात.

फेब्रुवारीतच कळलं होतं. तू लिहिलंस म्हणून तिने फोटो काढला. फिल्म तिनेच धुतली, आणि डॉक्टरांच्या आधी तिलाच दिसलं. घरी आली, पिशवी खुंटीला लावली आणि मला म्हणाली, "उजव्या बाजूला आहे, मोठं आहे." मग म्हणाली, बारकीला एवढ्यात कळवायचं नाही. तिच्या आयुष्यातले हे दोनच महिने महत्त्वाचे आहेत, ते नासवायचे नाहीत. मी शब्द दिला. निकाल पुढे गेला, पुन्हा पुढे गेला, आणि प्रत्येक वेळी ती म्हणाली, अजून थांब, तिचा निकाल लागू दे. गुडघे वगैरे काही नव्हतं.

शेवटच्या दिवशी मीच ठरवलं की आता पुरे. मला ऐकू येत नाही म्हणून मास्तरांना घेऊन गेलो आणि त्यांच्याकडून संस्थेत फोन लावला. मास्तर बराच वेळ नुसतेच "बरं, बरं" म्हणत राहिले. मग फोन ठेवला आणि माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "त्या तिथे नसतात. निकाल एप्रिलमध्येच लागला. काही सापडलं नाही. त्यांची नेमणूक मेमध्ये संपली, कुठे आहेत ते माहीत नाही."

मी मास्तरांना पुन्हा सांगायला लावलं. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

तू मोकळी होतीस. मे, जून, जुलै, सगळे दिवस तू चपलांच्या दुकानावर नुसती बसून होतीस, आणि इथे आम्ही तुझ्या कामात अडथळा नको म्हणून तोंड दाबून बसलो होतो. तू तिच्या उशाशी बसू शकली असतीस. माझ्या हातचं तिला जेवण जात नव्हतं. तिचे केस विंचरायला कुणी नव्हतं, मला ते जमायचं नाही.

आता येऊ नकोस. येऊन कुणाला भेटणार आहेस.

दादा


३१ ऑगस्ट

दादा,

पत्र काल मिळालं. तू येऊ नकोस म्हणालास म्हणून थांबले आहे. नाही तर काल जी दिसली ती गाडी पकडली असती. जे झालं ते सगळं लिहिते. माफी मागायला लिहीत नाही, तेवढं माझं तोंड नाही. तुला माहीत असावं म्हणून लिहिते.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आकडे उघडले. मोठी खोली होती, भिंतीवर पडदा, मागे उभं राहायलाही जागा नव्हती. एका मुलीने बटण दाबलं आणि आलेख उमटला. आमचा कण खरा असता तर पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात ठिपक्यांचा दाट पुंजका दिसला असता. तो कोपरा मोकळा होता. चार-दोन ठिपके होते, पण ते खडकातल्या आणि यंत्रातल्या नेहमीच्या कचऱ्याचे, ते कुठेही असतात. मग एकेक जण माझ्याकडे बघायला लागला, आणि मी बघतेय असं दिसलं की मान फिरवायला लागला. प्रमुखबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या रडत होत्या, दादा. मी नाही रडले. मी म्हणाले, "छान स्वच्छ मोजणी झाली आहे." आणि ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी बोलावलं. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "एवढं मनाला लावून घेऊ नका. वजनाचा आकडा थोडा वर सरकवा, धडकण्याचं प्रमाण थोडं खाली आणा. टाकीच्या पल्ल्याबाहेर गेलात की तुमचा कण पुन्हा जिवंत. असा एक लेख लिहून द्या, मी नेमणूक वाढवून घेतो." असं पुष्कळ जण करतात, आणि त्यात लबाडी आहे असंही नाही. पण आम्ही त्या लेखात काय लिहिलं होतं माहीत आहे? शेवटचं वाक्य सरांचं होतं. इथे सापडला नाही तर आम्ही चुकलो असं समजावं. मला तो आकडा सरकवता येईना. मी नाही म्हणाले आणि मे महिन्यात सामान आवरून निघाले.

आणि मग मी तुला पत्र लिहायला बसले. "काही सापडलं नाही" एवढंच लिहायचं होतं. विभागप्रमुखांना तोंडावर नाही म्हणणारी मी, तुला ते लिहू शकले नाही. मास्तर, मालक, वहिनी, सगळे डोळ्यांसमोर आले. मला वाटलं, दुसरी नोकरी मिळाली की सांगू, म्हणजे बातमी अर्धी तरी बरी असेल. नोकरी मिळाली नाही. दिवसभर खिडकीत बसून रस्ता बघायची. वहिनीने विचारलं, नाही सापडलं तर काय करशील, तेव्हा ते पत्र माझ्या हातात कितीतरी वेळ होतं. तेव्हा खरं लिहिलं असतं तर ती म्हणाली असती, मग इकडे ये. एवढंच लागत होतं.

मला तुझ्याकडे यायचं आहे. तू म्हणशील तेव्हा येईन.

बारकी


१४ नोव्हेंबर

बारके,

मी लगेच उत्तर दिलं नाही. देण्यासारखं काही नव्हतं आणि जे होतं ते लिहिण्यासारखं नव्हतं. छापखान्यात जातो, घरी येतो. मास्तर संध्याकाळी येऊन बसतात. ते बोलतात, मला ऐकू येत नाही, पण माणूस समोर असतं.

तुझ्यावर खूप चिडलो होतो. अजूनही मधेच चिडतो. पण एक गोष्ट मी तुला लिहिली नव्हती आणि ती मनातून जात नाही.

शेवटच्या आठवड्यात ती रोज विचारायची, "बारकीचं काही आलं?" मी म्हणायचो, नाही. मग ती भिंतीकडे तोंड करायची. एका दुपारी मला ते बघवेना. मी छापखान्यातून तसाच शाईच्या हातांनी दवाखान्यात आलो होतो. म्हटलं, "आलं. सापडलं तिला." तिने डोळे उघडले. म्हणाली, "खरंच?" मी म्हटलं, "टाकीत उजेड दिसला. ती म्हणाली होती तस्साच." ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. म्हणाली, "बरं झालं." मग म्हणाली, माझे पाय जरा दाब. त्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही.

म्हणजे तुला बोलायचा मला काय हक्क. तू लपवलंस, मी तर खोटी बातमीच दिली, आणि तीही तुझ्या कामाबद्दल, ज्यात तू एक आकडा हलवला नाहीस. हे वाचून तुला माझा राग आला तर मी समजून घेईन.

घरात तिची साडी अजून दोरीवर आहे, मला काढवत नाही. तू ये.

दादा


१९ डिसेंबर

प्रिय दादा,

सुखरूप पोचले. गाडीत जागा मिळाली.

तू स्टेशनवर दोन-तीनदा विचारलंस, "काही बोलायचंय का?" आणि मी नाही म्हणाले. बोलायचं होतं. पण तुझ्या कानात ओरडून सांगायची ती गोष्ट नव्हती, आणि फलाटावर एवढी माणसं. म्हणून लिहिते. आता तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं मी ठरवलं आहे, मग ते तुला आवडो न आवडो.

त्याआधी कामाचं. जेवताना तू विचारलंस, "मग ते नाहीच का?" मी म्हणाले, आहे, पण आम्ही म्हणालो होतो तसं नाही. तू म्हणालास, मग काय ते नीट शोधा. तर तेच करणार आहे. प्रमुखबाईंनी दुसऱ्या, आणखी मोठ्या टाकीच्या कामावर बोलावलं आहे. ज्यांनी मला खोटं ठरवलं त्यांच्याच पंगतीला. आता माझा असा कुठला कण नाही. पाळी लागेल तेव्हा खाली उतरायचं, तापमान बघायचं, आकडे तपासायचे. सोमवारपासून जायचं आहे. सरांना आवडलं असतं की नाही माहीत नाही. मला बरं वाटतंय.

आता ती गोष्ट. मी तिथे होते त्यातल्या शेवटच्या दिवशी तू छापखान्यात गेलास आणि मी वहिनीचं सामान आणायला दवाखान्यात गेले. एक्स-रेच्या खोलीतल्या तिच्या कपाटात चष्मा आणि शाल होती, ती तुला आणून दिली. पण त्याआधी ती होती त्या वॉर्डात गेले होते. तिथल्या मोठ्या नर्स, वहिनीच्या जुन्या मैत्रीण, त्यांनी मला ओळखलं. म्हणाल्या, "तुम्हीच ना त्यांची नणंद? शोध लागला म्हणतात ती?"

मला हो म्हणता आलं असतं. तू वहिनीला दिलेली बातमी तशीच राहिली असती. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही. मला काही सापडलं नाही."

त्या म्हणाल्या, "माहीत आहे. त्याच म्हणाल्या होत्या."

मी विचारलं, काय म्हणाल्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. त्या दुपारी तू गेल्यावर वहिनीने त्यांना हाक मारली होती. म्हणाली, "आमच्या ह्यांनी आज पहिल्यांदाच माझ्याशी खोटं बोलून बघितलं. सापडलं म्हणतात. सापडलं असतं तर पोरगी धावत आली असती." मग जरा वेळाने म्हणाली, "नाही सापडलेलं. आणि बसली असेल कुठेतरी तोंड लपवून. शाळेत मार्क कमी पडले की अशीच करायची. अंधार पडेपर्यंत घरी यायची नाही, कोपऱ्यावर उभी राहायची, आणि मला जाऊन तिला हाताला धरून आणावं लागायचं."

त्यावर नर्सनी वहिनीला विचारलं होतं, मग कळवू या का तिला? तर वहिनी म्हणाली, "आता मला कुठे जाता येतंय आणायला." एवढं बोलून तिने पाणी मागितलं.

नर्सना आतून हाक आली, त्या गेल्या. मी बाहेर बाकावर बसले. समोरून एक माणूस मोठा लिफाफा छातीशी धरून आला, एक्स-रेचा असणार, आणि माझ्या शेजारी बसला. त्याने तो उघडला नाही. खूप वेळ आम्ही दोघं तिथे तसेच बसून होतो. मग मी उठले आणि तुझ्याकडे आले.

बारकी